बी४५० मदरबोर्डवर १०६० काढून नवीन ग्राफिक्स कार्ड टाकायचंय : एनव्हिडियाचं ५०६० घेऊ की एएमडीचं ९०६० एक्सटी? (बजेट ४० हजार)

मुलुंड_स्लो :
मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. घरचा पीसी असा आहे : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ६ जीबी कार्ड, ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. मॉनिटर २४ इंची, १०८०पी, १४४ हर्ट्झ. १०६० ने भरपूर साथ दिली पण आता नवीन गेम लो सेटिंगवर पण अडखळतात, आणि काही गेम तर सुरूच होत नाहीत कारण ते कार्डात रे ट्रेसिंगचं (गेममधला प्रकाश खऱ्यासारखा दाखवायचं) हार्डवेअर असायलाच पाहिजे म्हणतात. त्यात एनव्हिडियाने १००० सिरीजचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद केले, आता २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटी अपडेट.

बजेट ४० हजार, फार तर ४५ पर्यंत ताणेन पण त्यात सगळं बसायला हवं. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात फोनवर विचारलं तर ५०६० बत्तीसच्या आसपास सांगतायत, ९०६० एक्सटी १६ जीबी अडतीस-एकोणचाळीस, ५०६० टीआयचं १६ जीबीवालं पन्नासच्या वर. मी रात्री मावसभावाबरोबर व्हॅलोरंट खेळतो आणि वीकेंडला सायबरपंक, वुकाँग टाइपचे मोठे गेम. पुढेमागे १४४०पी (जास्त रिझोल्यूशनचा) मॉनिटर घ्यायचाय. आणि धाकटी बहीण अॅनिमेशनचा कोर्स करतेय, ती याच पीसीवर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरते, हे पण धरून सांगा.

चेंबूर_एफपीएस :
भावा सरळ ५०६० घे. डीएलएसएस ४ आहे (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र), मल्टी फ्रेम जनरेशन आहे (मधल्या जादा फ्रेम कार्डच बनवतं), बहिणीच्या ब्लेंडरला एनव्हिडियाच लागतं. वरचे सहा-सात हजार वाचतात त्यात एसएसडी टाक.

लेनवाला :
थांब जरा, चेंबूरभाऊंनी कार्ड सांगितलं पण बोर्ड बघितला नाही. बी४५० ला पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणारा जुन्या पिढीचा मार्ग. प्रोसेसर ४.० वाला असला तरी बोर्ड ३.० च चालतो. आता ५०६० हे कार्ड दिसायला पूर्ण लांबीचं असलं तरी आत फक्त ८ लेन (डेटा जायच्या वाटा) जोडलेल्या आहेत. ५.० च्या बोर्डवर ८ लेन म्हणजे रग्गड, पण तुझ्याकडे ३.० वर ८ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी एवढीच वाहतूक. ९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत, म्हणजे त्याच तुझ्या जुन्या बोर्डवर ती वाहतूक १६ जीबीच्या आसपास जाते.

याने नेहमी फरक पडतो का, तर नाही. गेमचा माल कार्डाच्या व्हीरॅममध्ये (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत) मावतोय तोपर्यंत एकदोन टक्के इकडेतिकडे, कळणार पण नाही. घोळ होतो व्हीरॅम भरल्यावर. व्हीरॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समज आणि पीसीची रॅम म्हणजे माळा. ओट्यावर सगळं मावलं तर काम झटपट, नाही मावलं की दर थोड्या वेळाने शिडी लावून माळ्यावर चढायचं, आणि पीसीआयच्या लेन म्हणजे ती शिडी. ५०६० मध्ये ओटा ८ जीबीचा आणि तुझ्या बोर्डवर शिडी पण अर्धी. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे आणि शिडीवरून येतंय ८ जीबी, यावरून कळेल की मध्येच गेम का अडकतो. अॅव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) ७० दिसतो पण गेममध्ये मान वळवली की झटका. यूट्यूबवरचे बेंचमार्क बहुतेक सगळे नव्याकोऱ्या बोर्डवर केलेले असतात, त्यात हे दिसत नाही, म्हणून जुन्या बोर्डवाल्यांनी ते आकडे जसेच्या तसे धरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ९०६० एक्सटी पण ८ जीबीचं मिळतं, नाव तेच, खोकं सारखंच. ते घेऊ नकोस. दुकानात १६ जीबी असं मुद्दाम बोलून घे आणि खोक्यावर वाच.

चेंबूर_एफपीएस :
लेनचा मुद्दा मान्य. पण १०८०पी ला सगळं अल्ट्रावर कशाला ठेवायचं? टेक्श्चर एक पायरी खाली आणलं की ८ जीबीत बऱ्यापैकी सगळं बसतं, डोळ्याला फरक जाणवत नाही. आणि डीएलएसएस अजूनही जास्त गेममध्ये आहे. एएमडीचं तसंच तंत्र, एफएसआर ४, चांगलं झालंय हे मी पण म्हणतो पण ते अधिकृतपणे आधी फक्त ९००० सिरीजसाठी आलं आणि गेम कमी आहेत.

लेनवाला :
आज एक पायरी खाली, दोन वर्षांनी दोन पायऱ्या. तो १४४०पी मॉनिटर घेणार म्हणतोय तेव्हा काय? आणि फ्रेम जनरेशन स्वतः व्हीरॅम खातं, म्हणजे ज्या कार्डात जागा कमी त्याच कार्डाला ते विकायचं मुख्य कारण म्हणून सांगतायत. शिवाय मूळ एफपीएस ५०-६० असेल तरच ते बरं वाटतं, ३० चे ९० केले तर आकडा दिसतो पण माऊस जड लागतो.

सोल्डरकाका_वर्सोवा :
पोरांनो, कार्डावरून भांडताय ते ठीक आहे, पण त्याच्या पॉवर सप्लायबद्दल कोणी विचारलं का? मुलुंड, कॅबिनेटची बाजू उघड आणि सप्लायच्या अंगावरच्या स्टिकरचा फोटो काढ. मोठ्या अक्षरातलं ४५० बघू नकोस. खाली तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते सांग. आणि पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारून कपॅसिटरची डोकी फुगलीत का ते पण बघ. सप्लायचं खोकं मात्र उघडायचं नाही, बंद केल्यावर पण आत चार्ज राहतो.

मुलुंड_स्लो :
काका, बघितलं. +१२ व्होल्टला २४ अँपिअर लिहिलंय. कपॅसिटर नीट दिसले नाहीत, धूळ खूप आहे. सहा पिनची एकच वायर आहे कार्डासाठी, तिचा पांढरा प्लग एका कोपऱ्यात पिवळट तपकिरी झालाय.

सोल्डरकाका_वर्सोवा :
मग उत्तर मिळालं. २४ गुणिले १२, २८८ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघं १२ व्होल्टवरच जगतात, म्हणजे तुझा ४५० चा सप्लाय कामाच्या बाजूने २८८ चाच आहे. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टला वाटून टाकलेत, त्याचा आजच्या पीसीला फारसा उपयोग नाही. ३६०० प्रोसेसर जोरात चालला की ८५-९० वॅट घेतो, ९०६० एक्सटी १६ जीबी धर १६०, पंखे डिस्क मिळून अजून थोडे. झाले की अडीचशेच्या वर. आणि कार्ड क्षणभरासाठी ठरल्यापेक्षा बरीच जास्त उसळी मारतं, तेव्हा पीसी काळा होऊन रिस्टार्ट होणार आणि तू म्हणणार कार्ड खराब निघालं.

प्लग तपकिरी झालाय म्हणजे तिथे पिन ढिली आहे, ढिल्या पिनेला गरमी होते आणि गरमीने पिन आणखी ढिली होते. ती वायर नव्या कार्डाला कुठल्याही अडॅप्टरने लावायची नाही. दुकानदार सहाची आठ पिन करणारी छोटी वायर फुकट देईल, घेऊ नकोस. ८ पिनचा प्लग १५० वॅटसाठी आहे, सहाचा ७५ साठी, मध्ये अडॅप्टर घातल्याने मागची वायर जाड होत नाही.

माझ्याकडे रिपेअरला येणाऱ्या कार्डांमध्ये खाऱ्या हवेने गेलेली पण असतात. वर्सोवा, वरळी, कुलाबा, समुद्राजवळच्या घरांमध्ये हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी पूड धरते आणि ब्रॅकेटचे स्क्रू गंजतात. मुलुंडला तो त्रास कमी, पण पावसाळ्यात दमट हवा सगळीकडे सारखीच. पीसी महिनाभर बंद ठेवून एकदम चालू करू नका, पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू राहू द्या, आतली ओल आपोआप जाते.

तर आधी सप्लाय. ५५० किंवा ६५० वॅट, ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) किंवा वर, पाच वर्षं वॉरंटीचा, ८ पिनच्या वायर मूळच्या असलेला. साडेचार-पाच हजारात चांगला येतो. तेवढे पैसे बजेटमधून आधीच बाजूला काढ आणि मग उरलेल्यात कार्ड बघ.

गिरगाव४ :
+१ काकांना. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच्या स्वस्त सप्लायने कार्ड आणि बोर्ड दोन्ही नेले.

भांडुप_बजेट :
इंटेलचं आर्क बी५८० कोणीच बोललं नाही? १२ जीबी, आणि या सगळ्यांपेक्षा बरंच स्वस्त. सप्लाय टाकून पण चाळीसच्या आत आरामात बसेल.

लेनवाला :
कार्ड छान आहे, नवीन प्रोसेसरवाल्याला मी स्वतः सांगेन. पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो, त्यामुळे ३६०० सारख्या जुन्या सहा कोरवर ते बऱ्याच गेममध्ये मागे पडतं. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) पण चालू लागतोच, तो बी४५० वर बायोस (बोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून मिळतो पण प्रोसेसरचं काय करणार. रायझन ५६०० प्रोसेसर टाकल्यावर सुद्धा ते पूर्ण सुटत नाही. शिवाय १९० वॅट.

कल्याण_रिस्पॉन :
मग एनव्हिडियाचं सेकंडहँड ३०८० का नाही? जुन्या वस्तूंच्या साइटवर याच भावात दिसतात, आणि ताकद ९०६० एक्सटीच्या तोडीची.

सोल्डरकाका_वर्सोवा :
३२० वॅटचं कार्ड आहे ते, म्हणजे ७५० चा सप्लाय लागणार, आणि व्हीरॅम १० जीबी. मायनिंगवाली (आभासी चलन कमवायला रात्रंदिवस चालवलेली) कार्डं म्हणून लोक घाबरतात ती वेगळी गोष्ट. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग कार्डांवर करणं बंद झालं तेव्हा बाजारात ढिगाने कार्डं आली, त्यातली कित्येक आजपण नीट चालतायत. मायनिंगने चिप सहसा मरत नाही, पंखे आणि मेमरीखालचे थर्मल पॅड मरतात. ३०८० ची मेमरी मुळातच तापट, पॅड सुकले की ती ११० डिग्रीला जाऊन कार्ड स्वतःचा वेग कमी करतं.

ज्याला सेकंडहँडच घ्यायचंय त्याने विकणाऱ्याच्या घरी जावं, कार्ड त्याच्याच पीसीत लावलेलं बघावं, अर्धा तास भारी गेम किंवा फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) चालवून हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला भाग) आणि मेमरीचं तापमान बघावं. स्क्रूवरचं स्टिकर, सिरियल नंबर, मूळ बिल. स्टेशनवर ब्रिजखाली भेटून खोक्यातलं कार्ड हातात देणाऱ्याकडून घेऊ नये. भाव कितीही चांगला असला तरी.

अंधेरी_रेंडर :
ब्लेंडरबद्दल मी बोलते, माझं रोजचं काम तेच आहे. सायकल्समध्ये (ब्लेंडरचं अंतिम चित्र बनवणारं इंजिन) रेंडर करायचं तर एनव्हिडिया पुढे आहे, त्यांच्या ऑप्टिक्सवर रेंडर लवकर होतं, यात दुमत नाही. स्टुडिओसाठी कोणी विचारलं तर मी एएमडी सांगणार नाही. पण दोन गोष्टी. एक, शिकणाऱ्याचा बहुतेक वेळ मॉडेलिंग, रिगिंग, टायमिंगमध्ये जातो आणि तिथे कुठलंही चांगलं कार्ड पुरतं, ईव्ही (ब्लेंडरचंच दुसरं, झटपट इंजिन) सगळ्यांवर चालतं, आणि सायकल्स एएमडीवर त्यांच्या एचआयपीने चालतं, हळू पण चालतं. दुसरी गोष्ट, ८ जीबी मला स्वतःला पुरत नाही. केस, कापड, चार मोठी टेक्श्चर टाकली की सीन व्हीरॅममध्ये मावत नाही आणि मग रेंडर एकतर रखडतो नाहीतर मेमरीचा एरर देऊन मध्येच थांबतो. हळू झालेला रेंडर सकाळी तयार मिळतो, न मावलेला मिळतच नाही. म्हणून पैसे असते तर ५०६० टीआय १६ जीबी म्हटलं असतं, ते बजेटमध्ये नाही तर ९०६० एक्सटी १६ जीबी. ५०६० ८ जीबी ब्लेंडरच्या नावाने घेऊ नका.

चेंबूर_एफपीएस :
ताई म्हणतायत तर ठीक. माझं अजूनही म्हणणं आहे की महिनाभर थांबून पैसे जमवावे आणि टीआय १६ घ्यावं. बहीण पुढे फ्रीलान्स करणार असेल तर रेंडरचा वेळ म्हणजे पैसा.

लेनवाला :
थांबण्यात मला धोका दिसतो. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव कुठे गेलेत बघतोयस ना, आणि १६ जीबीच्या कार्डात मेमरी ८ जीबीवाल्याच्या दुप्पट लागते.

व्हॅलोरंटबद्दल एक सांगायचं राहिलं, ते जवळजवळ सगळं प्रोसेसरवर चालतं. कार्ड बदलल्याने तिथे फार काही उजेड पडणार नाही, १४४ एफपीएस तुला ३६०० वर आत्ताच मिळत असतील. मोठ्या गेममध्ये मात्र ३६०० कधी कधी आडवा येईल. त्यासाठी आज काही करू नकोस, कार्ड लाव, काही महिने वापर, वाटलंच तर त्याच बोर्डवर बायोस अपडेट करून ५६०० किंवा ५७००एक्स टाक. बोर्ड, रॅम काही बदलावं लागत नाही, एएम४ चं (या बोर्डवरच्या प्रोसेसरच्या सॉकेटचं) हे सुख आहे.

मुलुंड_स्लो :
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी समजावून सांगत नाही. सप्लाय ५ धरला आणि ९०६० एक्सटी ३९ तर ४४ होतात, ताणलेल्या बजेटमध्ये बसतंय. ठरवलं. आता लॅमिंग्टनला घेताना काय काय बघायचं? आणि आमच्या घरी एसी बेडरूममध्ये आहे, पीसी हॉलमध्ये, मे महिन्यात कार्ड तापेल का?

गिरगाव४ :
लॅमिंग्टनचं मी सांगतो, आमच्या घरापासून पायी आहे. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक दुकानं बंद. शनिवारी तोबा गर्दी, दुकानदाराला बोलायला वेळ नसतो. मधल्या वारी अकरा-साडेअकराला पोच, ग्रँट रोडला पूर्वेला उतरलास की चालत पाच-सात मिनिटं. पहिल्या दुकानात घेऊ नकोस, तीनचार ठिकाणी विचार, आणि विचारताना कंपनी, मॉडेल, १६ जीबी, आणि "बिलासकट किती" हे एका दमात विचार. बिलाशिवायचा भाव ऐकायचाच नाही. १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून लोक कच्च्या पावतीवर घेतात आणि कार्ड बिघडल्यावर सर्व्हिस सेंटरवाला बिल मागतो तेव्हा हात चोळत बसतात. काही दुकानं क्रेडिट कार्डाला दोन टक्के वर लावतात, यूपीआयला नाही, ते आधीच विचारून घे.

बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्यायचा, खोक्यावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर एकच आहे का ते काउंटरवरच बघायचं. बाहेरून आणलेला माल असेल तर भाव हजार-दोन हजार कमी सांगतात पण भारतातली वॉरंटी नसते, "इंडिया वॉरंटी आहे का, किती वर्षं, सर्व्हिस सेंटर मुंबईत कुठे" हे स्पष्ट विचार. सील फोडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढ. आणि संध्याकाळी साडेपाचनंतर ते खोकं घेऊन दादरला गाडी बदलायचा विचार पण करू नकोस, चारच्या आत निघ.

सोल्डरकाका_वर्सोवा :
तापायचं म्हणशील तर १६० वॅटचं कार्ड आहे, फार तापट नाही. पण तुझ्या कॅबिनेटला पुढे काच आहे का जाळी? काच असेल तर हवा आत येणार कुठून. मुंबईत मे महिन्यात हॉलमध्ये ३३-३४ डिग्री असतं, त्यावर कार्ड ७५ ला गेलं तर काळजी नाही, ८५ च्या वर सतत राहिलं तर पुढचं पॅनल काढून बघ, फरक दिसला तर कार्डाचा नाही, कॅबिनेटचा दोष. एक पंखा पुढे, एक मागे, बास. विजेचं म्हणशील तर १०६० च्या १२० वरून १६० वर जातोयस, रोज तीन तास खेळलास तर महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट जास्त.

जायच्या आधी मेजरटेपने मोज. स्लॉटच्या ब्रॅकेटपासून पुढच्या पंख्यापर्यंत किती सेंटिमीटर मोकळं आहे ते. तीन पंख्यांचं कार्ड तीस सेंटिमीटरच्या आसपास जातं, दोन पंख्यांचं सहसा त्याहून आखूड. तुझ्या कामाला दोन पंखे पुरेत.

मुलुंड_स्लो :
घेतलं! दोन पंख्यांचं ९०६० एक्सटी १६ जीबी आणि ६५० चा ब्राँझ सप्लाय. गिरगावभाऊ, दोन दुकानांत भावात बाराशेचा फरक निघाला, आणि एकाने खरंच बिलाशिवायचा भाव आधी सांगितला. आधी बायोस अपडेट केला, रिसायझेबल बार चालू केला, डीडीयू या प्रोग्रामने जुने एनव्हिडियाचे ड्रायव्हर साफ केले आणि मग कार्ड लावलं. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड मध्ये १६ लेन, ३.० दाखवतंय. सायबरपंक हाय सेटिंगवर टाकलं आणि मार्केटच्या गर्दीतून गाडी पळवली, १०६० वर जिथे चित्र थांबत होतं तिथे आता सरळ जातंय. कार्ड ६८ डिग्री, पुढची काच काढून. व्हॅलोरंट आहे तसंच, लेनवाला म्हणाले तसं.

बहिणीचा प्रश्न आहे : ब्लेंडरमध्ये रेंडर अजून प्रोसेसरवरच होतोय, कार्ड शून्य टक्के दाखवतंय.

अंधेरी_रेंडर :
अभिनंदन! तिला सांग एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टम इथे जाऊन सायकल्सच्या डिव्हाइसमध्ये एचआयपी निवडायचं आणि कार्डावर टिक करायची, प्रोसेसरची टिक काढली तरी चालेल. नंतर रेंडर प्रॉपर्टीजमध्ये डिव्हाइस जीपीयू कॉम्प्यूट करायचं, हे दुसरं बहुतेकांचं राहतं. पहिल्या रेंडरला कर्नल लोड होताना बराच वेळ जातो, अडकलंय वाटून बंद करू नका, पुढच्या वेळेपासून लगेच सुरू होतं.